समई, आगळाची बाटली आणि लाकडी फळं एकाच चौकटीत: एका फ्लॅशवर प्रकाशयोजना कशी करावी?

पडवी५०

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ जुन्या घरातल्या माजघरात स्थिरचित्रणासाठी एक कोपरा मांडलाय. खोली दहा बाय बारा, भिंती उघड्या जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं आणि त्यात एक काचेचं कौल. कॅमेरा साधा डीएसएलआर (क्रॉप सेन्सर), लेन्स १८-५५ आणि ५० मिमी एफ १.८. ट्रायपॉड आहे. हाताने पॉवर बदलता येणारा एकच स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश) आहे, सोबत वायरलेस ट्रिगर. शिवाय घरातलेच ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब. खर्च दीड हजाराच्या आत बसवायचा आहे.

मांडणीत साधारण चौदा इंची पितळी समई, कोकम आगळाची (कोकमाच्या दाट रसाची) काचेची बाटली आणि सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं आहेत. अंधारी पार्श्वभूमी हवी, एका बाजूने थोडा रंगीत उजेड आणि मागे झावळीची सावली. अडचणी अशा:

समईत अख्खी खोली दिसते, कॅमेऱ्यासकट. बाटलीतलं आगळ काळंकुट्ट येतं. फळांवर पांढरे चट्टे पडतात. अंगणातल्या माडाची सावली उन्हात घेतली तर नुसता धूसर डाग येतो. बल्बवर घेतलेल्या काही फोटोंत आडवे पट्टे आहेत. समईची वात पेटवून फोटो घ्यायचा आहे, पण फ्लॅश मारला की ज्योत जवळजवळ नाहीशी होते.

कुठून सुरुवात करू?

खाजणकाठ

समईपासून करा. ती जमली की बाकीचं निम्मं काम आपसूक होतं.

घासलेलं पितळ म्हणजे आरसा. आरशावर उजेड टाकून आरसा उजळत नाही, त्याच्यात जे दिसतं ते उजळावं लागतं. म्हणून फ्लॅश समईकडे रोखूच नका. समईशेजारी मोठा पांढरा पडदा उभा करा, फ्लॅश त्या पडद्यावर मारा आणि समईला तो पडदा दिसू द्या.

पडदा घरीच होतो. आकाशकंदिलाला करतो तशा बांबूच्या कामट्या तासून दोन बाय तीन फुटांची चौकट बांधा आणि तिच्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. पातळ बटर पेपर नको, त्यातून फ्लॅशचा ठिपका आरपार दिसतो. चौकट समईच्या डाव्या बाजूला २० ते २५ सेंटीमीटरवर, थोडी मागे झुकलेली. फ्लॅश तिच्या पलीकडे. आता खरी गंमत या फ्लॅशच्या अंतरात आहे. फ्लॅश कागदापासून मीटरभर लांब नेला तर कागद सगळीकडे सारखा उजळतो आणि पितळेवर सपाट पांढरा पट्टा येतो. तो ३०-४० सेंटीमीटरवर आणला की कागदाचा मधला भाग लखलखीत आणि कडा मंद होतात. हीच उतरण पितळेत उमटते आणि दांड्याला गोलाई येते. अंतर दहा-दहा सेंटीमीटरने बदलून पाच-सहा फोटो काढा, फरक डोळ्यांना दिसेल.

उजवीकडे काही न ठेवता आधी एक फोटो घ्या. मग तिथे पांढरा सनबोर्ड, मग त्याच जागी काळा कार्डशीट. बहुतेक वेळा काळाच चांगला दिसतो. पितळेला कडा पांढऱ्याने येत नाही, काळ्याने येते. पडद्यावरच दोन-तीन सेंटीमीटर रुंदीच्या काळ्या पट्ट्या उभ्या चिकटवल्या तर बैठकीच्या वळणांवर बारीक गडद रेघा येतात आणि घाट उठून दिसतो.

कॅमेरा दिसू नये म्हणून ए२ आकाराच्या काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडा आणि ते लेन्सच्या पुढे अडकवा. ५० मिमी लावून दीड मीटर मागे या. जवळ जाऊन १८ मिमीवर घेतलं तर समईच्या पोटात तुमचं प्रतिबिंब मोठं होतं आणि आकारही बिघडतो.

सुरुवातीचे आकडे: आयएसओ १००, एफ ८, १/१६० सेकंद, फ्लॅश १/८ पॉवर. पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. नाही आला तर काचेच्या कौलातून उजेड येतोय, त्यावर गोणपाट टाका.

दर्याचो_वारो

समई सोलांन (सुक्या कोकमान) आनि मिठान घासा, धुवन लगेच सुक्या पंच्यान पुसा. पानी रवला तर डाग पडतत आनि फोटोत तेच आधी दिसतत. पुसल्यार उगड्या हातान धरू नको, सुती फडक्यान धरा.

सडा_आणि_कातळ

बाटलीबद्दल लिहितो.

आगळ मुळातच दाट आणि गडद. समोरून कितीही उजेड टाकला तरी तो काचेवरून परत फिरतो, द्रवातून आरपार जात नाही. उजेड मागून यायला हवा. त्यासाठी चंदेरी कागद चिकटवलेलं एक कार्ड बाटलीच्या मागे दोन-तीन सेंटीमीटरवर लपवा. कार्ड बाटलीपेक्षा अरुंद आणि द्रवाच्या पातळीपेक्षा किंचित बुटकं कापा. भरलेली बाटली भिंगासारखी वागते, त्यामुळे अरुंद कार्डसुद्धा आत रुंद दिसतं. कार्ड फ्लॅशच्या बाजूला थोडं वळवा. फ्लॅशला काळ्या कागदाची पंधरा सेंटीमीटर लांब नळी लावा आणि बाजूने, वरून, बाटलीला न लागता थेट कार्डावर मारा. सोनेरी कागद कोकमाला नको, लाल नारिंगीकडे झुकतो. सोनेरी मधाला किंवा तेलाला ठीक.

बाटलीच्या कडा अंधारात विरतात, त्याला दोन उपाय आहेत. पार्श्वभूमी काळी असेल तर बाटलीच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे आणि चौकटीच्या जेमतेम बाहेर, पांढऱ्या उभ्या पट्ट्या ठेवा. कडांना बारीक पांढरी रेघ येते. पार्श्वभूमी उजळ असेल तर उलट करा, पट्ट्या काळ्या लावा. तुम्हाला अंधारी हवी आहे, म्हणजे पांढऱ्या.

एवढं करूनही आगळ काळंच राहिलं तर एक भाग आगळात सहा-सात भाग पाणी घालून बाटली भरा. मागे बोट धरल्यावर बोटाची सावली दिसली की झालं.

खाजणकाठ

पाणी घालण्याबद्दल एक सांगतो. चित्र म्हणून काढत असाल तर खुशाल घाला. पण हाच फोटो विक्रीच्या पानावर जाणार असेल तर नको, गिऱ्हाईकाच्या हातात वेगळ्या रंगाची बाटली पडेल. तिथे बाटली गडदच राहू द्यावी आणि शेजारी पातळ काचेच्या पेल्यात बोटभर आगळ ओतून त्यामागे कार्ड लावावं. थर पातळ झाला की खरा लाल आपोआप दिसतो.

सडा_आणि_कातळ

मान्य. पेल्याची सूचना जास्त चांगली आहे.

कौलातली_काच

झावळीची सावली धूसर का येते त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड दर मीटर अंतरामागे सुमारे ९ मिलिमीटरने पसरते. माडाची झावळी आठ मीटर वर असेल तर कड सात सेंटीमीटर पसरली. पात्याची रुंदीच तीन-चार सेंटीमीटर, मग सावली उरणार कुठून? झावळीचा एक तुकडा तोडून वस्तूपासून अर्ध्या मीटरवर बांधा, कड अर्ध्या सेंटीमीटरवर येते.

फ्लॅशनेही हेच गणित. उजेडाच्या उगमाची रुंदी गुणिले झावळी ते वस्तू अंतर, भागिले फ्लॅश ते झावळी अंतर. फ्लॅशचं तोंड ५ सेंटीमीटर धरा, झावळी त्याच्यापासून २ मीटर आणि भिंत झावळीपासून ४० सेंटीमीटर, तर कड एक सेंटीमीटर पसरेल. आणखी धारदार हवी असेल तर फ्लॅशच्या तोंडापुढे दोन सेंटीमीटर भोकाचं काळं कार्ड धरा, कड चार मिलिमीटरवर येईल. उजेड बराच कमी होतो, त्यामुळे पॉवर वाढवावी लागते. पण कार्ड काचेला चिकटवून पूर्ण पॉवरवर फटाफट मारू नका. कार्ड करपतं आणि फ्लॅशही तापतो. दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवा.

सगळी सावली सारखी धारदार असली तर चित्र कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं. झावळी थोडी तिरकी धरा. एक टोक भिंतीला जवळ, दुसरं लांब, म्हणजे सावली एका कडेला टोकदार आणि दुसरीकडे विरत गेलेली मिळते. माझ्या मते हीच जास्त खरी वाटते.

तुमच्याकडे काचेचं कौल आहे हे मोठं भाग्य. त्याखालचा कवडसा म्हणजे फुकटचा स्पॉटलाइट. मात्र तो थांबत नाही. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे साडेतीन मीटर उंचीच्या कौलाखाली कवडसा तेवढ्या वेळात सहा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, तिरक्या उन्हात त्याहून जास्त. म्हणून मांडणी, फोकस, एक्स्पोजर सगळं आधी ठरवून ठेवा आणि कवडसा येण्याची वाट पाहा. किंवा कवडशात दहा सेंटीमीटरचा आरसा ठेवून तिथून किरण वस्तूवर वळवा. आरसा एक अंश फिरवला की किरण दोन अंश फिरतो, त्यामुळे आरसा हातात न धरता ओल्या मातीच्या गोळ्यात रोवा.

आणि त्या जांभ्याच्या भिंतींकडे लक्ष द्या. त्यांच्यावरून उसळलेला उजेड लालसर असतो. ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स (रंगांची दुरुस्ती) केला तरी तो पूर्ण जात नाही, कारण फक्त सावलीची बाजू लाल असते आणि उजेडाची बाजू ठीक असते. एक दुरुस्त केली की दुसरी निळी पडते. भिंत आणि वस्तू यांच्यामध्ये पांढरा किंवा काळा बोर्ड उभा करणं हाच उपाय. लाकडी फळांच्या सावलीत लाली आवडत असेल तर राहू द्या, पण ठरवून.

तिरफळ

रंगीत उजेड, पट्टे आणि फळं, तिन्ही एकदम घेते.

रंगासाठी आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद चालतो. फ्लॅशच्या तोंडावर एक थर लावा, फिका वाटला तर दोन. रंगीत उजेड जिथे पांढरा उजेड पोचत नाही तिथेच दिसतो, हे विसरलं की सगळी मेहनत वाया. मुख्य उजेड पार्श्वभूमीवर सांडत असेल तर निळा कागद लावूनही भिंत राखाडीच येणार. आणि निळा उजेड कोकमावर किंवा लाल फळांवर टाकू नका. लाल वस्तू निळा उजेड परत पाठवतच नाही, ती मळकट काळी दिसते. निळा फक्त मागच्या भिंतीवर (जांभाही लालच, म्हणून त्यापुढे राखाडी कागद ताणून), वस्तूंच्या अंगाला पिवळा-नारिंगी. रंगीत भाग मुख्य उजेडापेक्षा एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) मंद ठेवा, जास्त झाला की रंग धुऊन पांढरा होतो. तपासताना साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघू नका, आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळा बघा. लाल चॅनल सगळ्यांत आधी उजव्या टोकाला आदळतो आणि साध्या आलेखात ते कळत नाही.

पट्टे विजेमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा त्याहून मंद ठेवा, ट्रायपॉडवर अर्धा सेकंद ठेवला तरी काय बिघडतं! पण हे बल्ब स्थिरचित्रणाला फारसे उपयोगी नाहीत. साध्या बल्बचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ८० च्या आसपास असतो आणि त्यांच्यात गडद लाल रंगच अपुरा असतो. म्हणजे नेमकं कोकम, तांबं आणि लाल फळं निस्तेज दिसतात. बल्ब घ्यायचाच असेल तर खोक्यावर सीआरआय ९० पेक्षा जास्त लिहिलेला बघून घ्या. नाहीतर सगळं फ्लॅशवरच करा. तो सेलवर चालतो, पावसाळ्यात वीज गेली तरी काम अडत नाही.

फळांवरचे चट्टे म्हणजे लहान उगमाचं प्रतिबिंब. समईचाच पडदा वरून तिरका आणला की चट्ट्याची जागा एक मोठी मऊ झळाळी घेते. पोलरायझर (ध्रुवित उजेडाची चकाकी कापणारा लेन्सवरचा फिल्टर) फळांवर काम करतो, पितळेवर नाही. धातूवरून परतलेला उजेड जवळजवळ ध्रुवित होत नाही, तिथे पोलरायझर फिरवत बसू नका. लाकडी फळांवर आणि काचेवर कॅमेरा पृष्ठभागापासून साधारण ३५ अंश वर असेल तेव्हा परिणाम सर्वांत जास्त. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो. चकाकी पूर्ण काढू नका, फळ मातीचं वाटायला लागतं. थोडी ठेवा, तीच लाखेची ओळख.

फळं पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

पडवी५०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीची कार्डाची युक्ती पहिल्याच फटक्यात जमली, पेल्यातलं आगळ माणकासारखं आलंय.

समईत मात्र दोन गोष्टी राहिल्या. पांढरा पट्टा छान येतो, पण त्यात पाण्यासारख्या लाटा दिसतात. आणि पट्ट्याची एक कड फार कापल्यासारखी येते. पेटती वात अजून बाकी आहे.

खाजणकाठ

लाटा कागदाच्या आहेत. ट्रेसिंग पेपर हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. आपल्याकडे जूननंतर तो ताणलेला राहतच नाही. इतर वस्तूंवर हे कळत नसतं, पितळ मात्र चुगली करतं. कागदाऐवजी आराखड्यांसाठी मिळणारी दुधी पॉलिस्टर फिल्म घ्या, ती ओलाव्याने फुगत नाही. नाही मिळाली तर ३ मिलिमीटरचा दुधी ॲक्रिलिक तुकडा, जरा महाग पण वर्षानुवर्षं टिकतो. पांढरं कापड ताणून चालेल, पण समई अगदी जवळ असेल तर विणीची जाळी दिसते. कापड ४० सेंटीमीटर मागे न्या.

कापल्यासारखी कड म्हणजे चौकटीचं टोक. तिथेही कागद पूर्ण उजळलेला आहे म्हणून ते दिसतं. फ्लॅश त्या टोकापासून दूर, दुसऱ्या बाजूला सरकवा म्हणजे टोकाला पोचेपर्यंत उजेड विझत जाईल. तेवढ्याने नाही झालं तर फ्लॅश आणि कागदाच्या मध्ये काळं कार्ड अर्धवट आडवं धरा.

कौलातली_काच

वातीचं काम वेगळं करा, आणि आधी सुरक्षेचं. कामट्या, ट्रेसिंग पेपर, जिलेटिन आणि तेलाचा दिवा एका फुटाच्या आत असता कामा नयेत. म्हणून दोन फोटो काढून जोडायचे.

पहिला फोटो न पेटवता. समईत तेल-वात घातलेली, पडदा जागेवर, खाजणकाठ यांनी सांगितलेले आकडे. मग कॅमेऱ्याला आणि समईला धक्का न लावता पडदे किमान तीन फूट दूर न्या, पंखा बंद, दार ओढून घ्या, वात पेटवा. काडीचा धूर निवेपर्यंत दोन मिनिटं थांबा आणि ज्योत स्थिर झाली की फ्लॅश बंद ठेवून दुसरा फोटो: आयएसओ १००, एफ ८ तेच, शटर १/१५ पासून एक सेकंदापर्यंत पाच-सहा वेगवेगळे. वेगवान शटरमध्ये ज्योतीचा आकार मिळतो, मंद शटरमध्ये तिचा पितळेवरचा आणि भिंतीवरचा उजेड. फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांच्या टायमरने शटर.

जोडताना गिंप या फुकट फोटो-संपादन प्रोग्राममध्ये वरच्या थराला 'लाइटन ओन्ली' (दोन थरांतलं जास्त उजळ तेवढंच दिसतं) द्या, ज्योत आपोआप बसते. ज्योतीचा रंग सुमारे १९०० केल्विन आणि फ्लॅशचा ५५०० च्या आसपास. दोन्ही फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घेऊन एकाच व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे फ्लॅशच्या, उघडा. ज्योत नारिंगी राहू दे. ती पांढरी केली की दिव्याचा दिवेपणा जातो.

तिरफळ

मूळ प्रश्न तिन्ही वस्तू एका चौकटीत, एका फ्लॅशवर असा होता. तीही पद्धत हीच, फक्त फोटो जास्त.

कॅमेरा बांधून ठेवा. एफ ११ घ्या म्हणजे पुढचं फळ आणि मागची बाटली दोन्ही धारदार येतील. एफ २२ वर जाऊ नका, विवर्तनाने (बारीक भोकातून उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एफ ८ च्या जागी ११ केल्यावर पॉवर एक स्टॉप वाढवा, १/८ ची १/४. ज्योतीच्या फोटोंची शटरही तेवढीच, म्हणजे दुप्पट.

क्रम असा ठेवला तर त्रास कमी: आधी भिंतीवर निळ्या जिलेटिनसह झावळीची सावली. वस्तूंवर उजेड सांडू नये म्हणून मध्ये काळा बोर्ड, तो चौकटीच्या बाहेर. दुसरा बाटलीमागच्या कार्डाचा. चंदेरी कार्ड जागेवरच राहणार, म्हणून इतर फोटोंत ते चमकतंय का ते बघा. तिसरा समईसाठी डावीकडचा पडदा. चौथा तोच पडदा वरून, फळांसाठी. शेवटी ज्योतीचे. प्रत्येक फोटोत एकच वस्तू नीट दिसेल, बाकी काळोख. सगळे थर 'लाइटन ओन्ली'मध्ये आणि नको असलेली चकाकी मास्कने पुसायची.

दोन फोटोंच्या मध्ये लाकडी माडीवर कुणी चाललं तरी चौकट हलते. तुमचं माजघर जमिनीवर आहे ते बरंय, पण जमीन सारवलेली असेल तर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, पाय रुततात.

पडवी५०

सारवलेलीच आहे. तुकडे ठेवतो. दुधी फिल्म मिळाली की समईचा फोटो नव्याने करून इथेच टाकतो.